व्याह्यांच्या बॅगेतली वाफ

आमच्या पिरंगुटात एखाद्याला इंग्रजी येतं असं एकदा ठरलं, की ते खरंच येतं का हे पुन्हा कोणी तपासत नाही. माझं तसंच झालं. इथल्याच एका कारखान्याच्या खरेदी खात्यात माझी सगळी नोकरी गेली. परदेशी पुरवठादाराचा फोन आला की 'येस सर, मटेरियल नॉट रिसीव्ह्ड सर' एवढं मी ठसक्यात सांगायचो आणि तो पुढे जे काही बोलेल त्याला 'शुअर सर' म्हणून फोन ठेवून द्यायचो. एवढ्या भांडवलावर भावकीतल्या प्रत्येकाचा व्हिसाचा अर्ज माझ्या दारात येऊ लागला. त्यामुळे सिंगापूरला असलेल्या माझ्या लेकीला मुलगा झाला आणि बारशाला आम्ही दोघा आजोबांनी जायचं ठरलं, तेव्हा वाटेतल्या इंग्रजीचा सगळा ठेका न मागता माझ्याकडे आला.

दोघे आजोबा म्हणजे मी आणि माझे व्याही, जावयाचे वडील. दोघी विहिणी बाळंतपणासाठी आधीच तिकडे जाऊन बसल्या होत्या आणि बारसं आमच्यासाठी थांबवून ठेवलं होतं.

व्याही घोटावड्याचे. रस्त्याकडची थोडी जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्यात अजून स्वतः भात लावतात. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, पायजमा. इंग्रजी शून्य, हिंदी बाजारापुरती. माणूस बोलतो कमी, पण बांधाच्या भांडणात दोन्ही बाजू त्यांच्याकडे जातात आणि ते म्हणतील तिथे दगड रोवतात. अशा माणसाशी आपली सोयरीक जुळली याचा मला अभिमान होता आणि थोडी भीतीही होती. भीतीचं कारण सुपारीच्या दिवसाचं आहे.

मुलीची सुपारी फोडायला बैठक बसली, तेव्हा देण्याघेण्याचा विषय निघायच्या आतच व्याह्यांनी हात वर केला होता. हुंडा नको, मानपान नको, म्हणाले. "फकस्त एक करा पाव्हणं. तुमची शिग्रेट सोडा. आमच्या घरातला एक त्या पायी गेलाय." गेलेला त्यांचा धाकटा भाऊ. मी त्या वेळी दिवसाला पाकीट संपवणारा माणूस. पण मुलीच्या लग्नात बाप काय वाटेल ते कबूल करतो. मी समोरच्या नारळावर हात ठेवला आणि म्हटलं, सोडली.

आणि खरंच सोडली हो. त्यानंतर मी सिगारेट ओढलेली नाही. इथपर्यंत माझी गोष्ट ताठ मानेने सांगता येते, म्हणून मी इथे जरा जास्त वेळ रेंगाळतोय.

घरावर मी दोन मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्यात. त्यात हिंजवडीच्या कंपनीत जाणारा एक उत्तरेकडचा इंजिनीअर राहायचा. तो गच्चीवर उभा राहून पेनासारखं काहीतरी ओढताना दिसला, म्हणून घरमालकाच्या रुबाबात मी जाब विचारायला वर गेलो. खाली आलो तो दोन झुरके मारून. "अंकल, इसमें तंबाकू है ही नहीं," तो म्हणाला, "धुआँ भी नहीं, भाप है भाप." भाप म्हणजे वाफ. मला तर देव भेटला. नारळावर हात ठेवला होता तो सिगारेटीसाठी. वाफेबद्दल बैठकीत कोणी चकार शब्द काढला नव्हता. लग्नानंतरची पहिली दिवाळी यायच्या आत माझ्या खिशात तसंच एक पेन आलं.

बायकोला पहिल्यांदा संशय आला तो वासाने. पेन आंब्याच्या वासाचं होतं आणि महिना होता मार्गशीर्ष. ती घरभर आंबे शोधत फिरली, मला म्हणाली, कोणी पेटी पाठवलीय आणि तुम्ही लपवलीय. मग मी पुदिन्याच्या वासाचं आणलं आणि तिला सांगून टाकलं की मला सायनस निघालाय, डॉक्टरांनी वाफ घ्यायला सांगितलीय, आता पातेलं-टॉवेल करावं लागत नाही, हे खिशातलं यंत्र निघालंय. तिने यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, यात निलगिरीचे दोन थेंब टाकू का? बिचारीच्या डोळ्यांत काळजी होती. मी म्हटलं, नको, आत औषध आहे.

मराठीत 'वाफ घेणे' या शब्दाला कोणी नाक मुरडत नाही. सर्दी झालेल्या पोराला आई वाफ देते. असा सोज्वळ शब्द मी माझ्या चाळ्याला पांघरला आणि तो त्याला इतका बेतशीर बसला की बातमी विहीणबाईंकडून व्याह्यांपर्यंत गेली. मग प्रत्येक फोनवर व्याही विचारायचे, "पाव्हणं, वाफ घेताय न्हवं? हयगय नका करू." एकदा पौडला कामाला आले तर वाट वाकडी करून अडुळशाचा पाला देऊन गेले, वाफेच्या पाण्यात टाका म्हणून. तो पाला आठवडाभर आमच्या मोरीत पडून होता. मी तिकडे जाताना भिंतीकडे बघायचो.

सिंगापूरचं ठरलं तेव्हा भाडेकरूने मला सावध केलं होतं. तिकडे हे यंत्र जवळ सापडलं तरी गुन्हा आहे, ओढलंच पाहिजे असं नाही, म्हणाला. मी हसलो. बंदी तर आपल्याकडेही आहे की. आपल्याकडे बंदी म्हणजे वस्तू टपरीवर पुढे न ठेवता मागे ठेवतात आणि ओळख असली की मिळते. मला वाटलं, तिकडचंही असंच काहीतरी असणार, आणि ओळख म्हणून जावई आहेच.

याच सुमाराला व्याह्यांनी मुलाला फोन करून मुद्दाम विचारून घेतलं होतं की तुमच्याकडं काय आणायचं न्हाई ते सांग. मुलाने बाकीच्या गोष्टींत खसखस सांगितली. खसखस अफूच्या बोंडातली, तिकडे चालत नाही. झालं. दोघी विहिणींनी डिंकाचे लाडू मागवले होते. व्याह्यांनी चुलत भावजयीला समोर बसवून बिनखसखशीचे लाडू करून घेतले आणि डबा भरण्याआधी एक फोडून पाहिला. मी त्यांची भरपूर चेष्टा केली. म्हटलं, पाव्हणं, लाडू फोडून खसखस मोजायला तिथे काय कोणी बसलंय? ते म्हणाले, "त्यांच्या घरी जायाचं तर त्यांच्या रीतीनं जावं." मला ते फार भाबडं वाटलं होतं.

विमानतळावर माझी बॅग वजनात जास्त भरली. बायकोने मागवलेला इंद्रायणी तांदूळ, मसाला, बाळंतशोप, अंगडी-टोपडी. तिथल्या तिथे खाली बसून मी बॅग उघडली. तांदळाची पिशवी व्याह्यांच्या मोठ्या बॅगेत सारली आणि त्याच भरात माझ्या वाफेच्या पेनाचं पाकीट त्यांच्या खांद्यावरच्या बॅगेत, लाडवांच्या डब्याशेजारी. म्हटलं, माझं औषध तुमच्याकडे राहू द्या. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की," आणि चेन लावून घेतली.

विमान उतरायला आलं तेव्हा सूचना झाली. माझ्या इंग्रजीला झेपेल इतक्या हळू आणि स्पष्ट. देशात या गोष्टी आणायला मनाई आहे, आणि त्या गोष्टींत माझी गोष्ट नावानिशी. व्याह्यांनी विचारलं, काय म्हणत्यात? मी म्हटलं, पट्टा बांधा म्हणतायत. त्यांचा पट्टा सुटलेलाच नव्हता. त्यांनी तो आणखी आवळला.

उतरून आत चालत गेलो तर वाटेतच एक डबा ठेवलेला. वर मोठं चित्र, पेनासारखी आकृती आणि तिच्यावर लाल काट. खाली लिहिलं होतं की जवळ असेल तर इथे टाका, नाहीतर दंड. मी इंग्रजी वाचलं आणि तिथेच थांबलो. टाकून मोकळं व्हायचं इतकं सोपं होतं. पण पाकीट व्याह्यांच्या बॅगेत. ते मागायचं तर का मागतो ते सांगावं लागणार, औषध डब्यात का टाकतो ते सांगावं लागणार, आणि चित्र तर त्यांच्या डोळ्यांसमोर. ते चित्राकडेच बघत होते. "ह्ये कसलं हो?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पेन न्यायचा नाही म्हणतायत."

व्याह्यांनी खिशातला बॉलपेन काढला, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि डब्याच्या फटीतून आत टाकला. मग माझ्या खिशाकडे बघून म्हणाले, "तुमच्याकडं न्हाई न्हवं?" मी म्हटलं, नाही.

हे मी गंमत म्हणून कुणालाही सांगू शकलो असतो. आजवर माझ्या फजितीचे असे पुष्कळ किस्से मी चावडीवर सांगून लोकांना हसवलंय. हा सांगायला घेतला की इथेच अडकतो.

सामान घेऊन बाहेरच्या दाराकडे निघालो तेव्हा दोन वाटा होत्या. काही सांगायचं असेल त्यांनी लाल पाटीकडे जायचं, नसेल त्यांनी हिरव्या. मी लाल पाटीकडे पाहिलं आणि व्याह्यांना घेऊन हिरवीकडे चाललो. चार पावलं गेलो नाही तोवर एका बाईने आम्हाला बाजूला घेतलं. गणवेशातली तरुण बाई, आवाज इतका हळू की आमच्याकडे देवळातसुद्धा कोणी इतकं हळू बोलत नाही. बॅगा यंत्रातून गेल्या. व्याह्यांची खांद्यावरची बॅग तिने परत घेतली आणि उघडू का म्हणून विचारलं.

आधी लाडवांचा डबा निघाला. व्याह्यांनी पाठ करून ठेवलेलं वाक्य अगदी वेळेवर म्हटलं, "नो खसखस, म्याडम." बाई किंचित हसली. मग पाकीट निघालं. तिने ते उघडून पेन टेबलावर ठेवलं आणि हसणं थांबवलं. हे काय आहे, तिने व्याह्यांना विचारलं, कारण बॅग त्यांची होती. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. इंग्रजीचा ठेका माझा.

"सांगा त्यास्नी," व्याही म्हणाले, "पाव्हण्यांचं औषध हाय म्हनावं. वाफ घेत्यात ते. शिग्रेट तर त्यांनी कवाच सोडलीया, माझ्या शब्दाखातर सोडलीया. माझ्या शब्दावर जाऊ द्या म्हनावं."

बाई माझ्याकडे बघत थांबली. मी म्हणालो, "ही सेज, हिज मेडिसिन."

मराठीत 'त्यांचं औषध' म्हणताना माणूस बोट दाखवतो, मान वळवतो. व्याह्यांनीही माझ्याकडे हात केला होता, पण तोवर बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. इंग्रजीतल्या 'हिज'ला ना बोट ना मान. बॅग ज्याची, यंत्र त्याचं, असंच ती समजणार हे मला वाक्य बोलायच्या आधी माहीत होतं. इतकी वर्षं इंग्रजी बोलतोय, त्या दिवसासारखं बिनचूक वाक्य मी कधी बोललो नाही. व्याकरणात एक चूक काढून दाखवा.

तिने व्याह्यांना बरोबर यायची खूण केली. त्यांनी मला विचारलं, काय म्हणत्यात? मी म्हटलं, औषधाची नोंद करायचीय म्हणतायत. "मग तुमी हितंच बसा," ते म्हणाले, "दमलाय तुमी." आणि टोपी नीट करून तिच्या मागे गेले.

मी बसलो. खरंच बसलो. मनाशी हिशेब मांडू लागलो की म्हातारा माणूस, परदेशी, भाषा येत नाही, सोडून देतील. समज देतील फार तर. नंतर आपण बाहेर जाऊन हसत हसत सांगू. दंड झाला तर तो आपण भरू, म्हणजे झालं. असे विचार करायला मला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो उठायला.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. जावई बाहेर येऊन उभे होते, ती घरून विचारत होती कुठे आहात. मी म्हटलं, येतोय, तुझे सासरे जरा मागे राहिलेत.

"त्यांना एकटं नका सोडू हं बाबा," ती म्हणाली, "ते घाबरायचे नाहीत, पण समोरचा जे सांगेल त्याला हो म्हणतील. तुम्ही बरोबर आहात म्हणून आम्ही इकडे निवांत आहोत."

मग मात्र मी उठलो. तिथल्या एका माणसाला जाऊन सांगितलं की मला आत जायचंय. काय सांगितलं, कोणत्या इंग्रजीत सांगितलं, आठवत नाही. त्याने मला एका छोट्या खोलीत नेलं.

व्याही खुर्चीत बसले होते, हात गुडघ्यांवर. समोर एक इंग्रजी कागद होता आणि बाई त्यांना पेन देत होती. ते तिला बाजारी हिंदीत समजावत होते की माझा पेन होता, पण तुमच्या डब्यात टाकला, पाव्हण्यांनी सांगितलं म्हणून. मला बघून त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"आलात व्हय. हितं सही मागत्यात. करू का? तुमी म्हनाल तर करतो."

मी बाईला म्हटलं, "मॅडम, नॉट हिज. माइन."

ती म्हणाली, तुम्हीच तर म्हणालात 'हिज'.

"येस," मी म्हटलं. "हिज मीन्स मी."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की तसं माझ्याकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही, अगदी कारखान्यात माल खराब निघाल्यावरही नाही. रागावली नव्हती. तिने हळूच विचारलं, हे काय आहे ते या गृहस्थांना माहीत होतं का? मी नकारार्थी मान हलवली. मग ती म्हणाली, यांना सांगा. आत्ता, माझ्यासमोर, यांच्या भाषेत.

वाटेत मी किती भाषांतरं केली होती. पट्टा, पेन, नोंद. आता खरं भाषांतर करायचं होतं आणि शब्द मिळेना. नोकरीत कमावलेली सगळी शुद्ध भाषा गळून पडली. मी म्हणालो, "पाव्हणं, ही शिग्रेट हाय."

त्यांना आधी कळलंच नाही. ते टेबलावरच्या पेनाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले.

"वाफ म्हनला व्हता तुमी."

"वाफच हाय. पन शिग्रेटचीच."

"कवापासनं?"

"लग्नाच्या सालापासनं."

त्यांनी गुडघ्यावरचा हात उचलला. टोपी काढून कपाळ पुसलं, परत घातली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. शिवी तरी देतील. एका अर्थी मी शिवीची वाट बघत होतो, कारण शिवी खाल्ली की माणूस थोडा सुटतो. ते बाईकडे वळून तिने सहीसाठी दिलेला पेन तिला परत देऊ लागले, तो तिचाच आहे हे सांगायला.

पुढचं सगळं रीतसर झालं. यंत्र जप्त केलं, आत आणखी काही भलतं नाही ना ते तपासायला घेतलं, माझे कागद माझ्या नावाने झाले, दंड झाला. पुन्हा सापडलात तर देशात घेणार नाही, असं बजावलं. नातू तिथे वाढणार आणि मी ऐकत होतो. शेवटी बाई म्हणाली, तुम्ही डब्यात टाकलं असतं किंवा लाल वाटेने येऊन आपणहून सांगितलं असतं तर एवढं झालंच नसतं. तिचा एकेक शब्द मी व्याह्यांना मराठीत सांगत होतो. न गाळता, न वळवता. डब्याचं आलं तेव्हा त्यांनी एकदाच मध्ये विचारलं, "पेनाचा डबा त्यो?"

मी म्हटलं, व्हय.

बाहेर जावई काळजीने येरझाऱ्या घालत होते. एवढा वेळ का, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत व्याही म्हणाले, "बॅग घावत नव्हती माझी." बांधाला दगड रोवणारा माणूस पोटच्या पोराशी खोटं बोलला आणि ते मी शेजारी उभा राहून ऐकलं. गाडीत ते पुढे बसले.

बारशाच्या सकाळी आम्ही दोघंच खोलीत होतो तेव्हा ते बोलले. आवाज चढवला नाही. "पोराच्या बारशाला गालबोट नगं म्हनून एकडाव खोटं बोललो. परत कुनी इचारलं तर मी न्हाई बोलनार. लेकीला तुमी सांगा." 'पाव्हणं' म्हणाले नाहीत. बैठकीपासून आजवर माझ्यासाठी त्यांच्या तोंडात तोच शब्द असायचा, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

बारसं झकास झालं. जावयाचे मित्र, शेजारचे लोक, पाळण्याला फुगे. जावई सगळ्यांना सांगत होते की आमचे बाबा एवढे शिस्तीचे, पण विमानतळावर स्वतःची बॅग हरवून बसले, शेवटी सासऱ्यांनी निभावून नेलं. लोक हसले. व्याहीसुद्धा हसले. माझ्या बायकोने तर भर माणसांत म्हटलं, "हे होते म्हणून बरं, नाहीतर आमच्या व्याह्यांना कुणी वाली नव्हता तिथं." मला लाडू जाईना. बिनखसखशीचा होता, तरी तसाच ताटलीत परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी लेक स्वयंपाकघरात एकटी सापडली. मी तिला सगळं सांगितलं. सुपारीतला नारळ तिला ठाऊकच होता, तिच्याच सुपारीतला. वाफ, पाकीट, 'हिज', खोलीतला कागद, सगळं सांगितलं. सांगताना एक-दोन ठिकाणी मी सवयीने रंगवायला लागलो. ती हसली नाही, तशी ते सोडून सरळ सांगितलं. तिने गॅस बंद केला.

"त्यांच्या बॅगेत का ठेवलंत?"

"माझी वजनात जास्त झाली होती ना. तांदूळ काढला, मसाला काढला..."

"त्या पाकिटाचं वजन केवढं होतं बाबा?"

पाकीट ते. मूठभर बडीशेपेएवढं.

ती थांबून राहिली. तिची ही लहानपणापासूनची सवय, उत्तर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. मग मी जे स्वतःशीही कधी नीट म्हटलं नव्हतं ते बोललो. बॅग उघडून खाली बसलो होतो तेव्हा भाडेकरूचं बोलणं डोक्यात होतं. वर पाहिलं तर व्याही उभे होते, पांढरी टोपी, दोन्ही हातांनी लाडवांची बॅग धरलेली. मनात आलं, या माणसाची बॅग कोण उघडतंय. बस, एवढंच मनात आलं. हात आपसूक गेला.

लेकीने मान खाली घातली. तिचे कान लाल झाले. बापाची लाज मुलीच्या कानांवर दिसते हे मी त्या दिवशी पाहिलं.

"हे मामंजींना माहीत आहे?"

"एवढं नाही."

"मग मला काय सांगताय," ती म्हणाली आणि दुधाचं पातेलं घेऊन बाळाकडे गेली.

व्याही मागच्या खिडकीशी होते. त्या उंच इमारतींत कपडे वाळत घालायला खिडकीबाहेर लांब काठ्या काढतात. बाळाचे लंगोट त्यांनी स्वतः धुतले होते आणि काठी आत ओढून ते एकेक चाचपून बघत होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. खाली बघवत नव्हतं इतकं उंच, म्हणून समोरच्या इमारतीकडे बघत सांगितलं. पाकीट वजनासाठी नव्हतं ठेवलं. तुमची बॅग कोणी उघडणार नाही म्हणून ठेवलं. जाणूनबुजून ठेवलं.

"त्ये मला तितंच कळलं व्हतं," ते म्हणाले. "खोलीत."

"मग बोलला नाहीत."

"तुमी बोलायचं व्हतं." त्यांनी काठीवरून चार-पाच लंगोट उतरवून माझ्या हातावर टाकले. "धरा. वाळल्यालं येगळं काढा."

मी धरले. तिथली हवा अशी दमट की वाळलेला कुठला आणि ओला कुठला मला हाताला कळेना. एक गालाला लावून बघितला, तरी कळेना. त्यांनी माझ्या हातातले दोन परत घेतले आणि पुन्हा काठीवर टाकले.